राहत्या घरात विषारी गोळी नको

आमच्या गावात ज्वारी, गहू, तूर, हरभरा पिकतो. पण पीक घरी आले म्हणजे काळजी संपली असे नाही. धान्याला सोंडे व पोरकिडे लागतात. दाणे पोकळ होतात व नुसता भुगा उरतो. म्हणून पुष्कळ लोक पोत्यात विषारी गोळी ठेवतात. माझे मत असे आहे की, राहत्या घरात ही गोळी ठेवूच नये.

गोळीचे नाव ॲल्युमिनियम फॉस्फाईड. गुरुजींनी सांगितले की, हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फीन वायू निघतो. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून 1 ग्रॅम वायू निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही. त्याने किडे मरतात. पण किडा कोण आणि माणूस कोण, हे वायूला कुठे कळते? माणसाला उलट्या होतात, दम लागतो, जीवपण जातो. त्याच्यावर उतारा नाही.

माझे काका म्हणतात, "गोळी नाही टाकली तर वर्षभर खायचं काय?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. मोठ्या गोदामात हेच औषध वापरतात. पण तिथे पोती झाकून कडा बंद करतात, शिकलेली माणसे काम करतात आणि तिथे कोणी झोपत नाही. आपल्याकडे पोती कुठे असतात? आपण निजतो त्याच खोलीत! 10 व 20 गोळ्यांच्या नळ्या सरकारने 2001 साली बंद केल्या. ही गोळी वाटेल त्याला विकायची नाही असा नियम आहे. तरी लोक कुठून तरी आणतातच.

आजी सांगते, धान्य कडक उन्हात वाळवावे. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. ओलसर दाण्यात किडे लवकर वाढतात. जुनी पोती उकळत्या पाण्यातून काढून वाळवावीत. कणगी सारवून घ्यावी, कडुनिंबाचा सुका पाला घालावा. डाळीला एरंडेल चोळावे. याला मेहनत जास्त लागते, आणि ती आई-आजीलाच पडते. म्हणून वाळवण राखायचे व पाखरे हाकलायचे काम आपण मुलांनी करावे.

पालकांना माझी विनंती आहे. ज्यांच्या घरी गोळी टाकली असेल, त्यांनी त्या खोलीत मुलांना निजवू नये. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर सर्वांनी लगेच बाहेर पडावे व दवाखान्यात जावे. किडलेले धान्य पाखडून घेता येते, पण गेलेले माणूस परत येत नाही.

— इयत्ता चौथी