जागा शोधायची ती मे महिन्यात



पुण्याच्या बैठकीला येताना खडकीचा होळकर पूल लागतो. त्याखालच्या मुळेचे पाणी वर मुळशीला अडवून घाटाखाली भिऱ्याला सोडतात. तिथे १९२७ पासून वीज होते. १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तरी जमिनी पाण्याखाली गेल्या. डोंगराची उंची आणि बारमाही पाणी एकत्र असले की जागा कुणालाही सापडते. प्रश्न आपल्या नाल्यांचा आहे.

हिशेब सोपा आहे. सेकंदाला १०० लिटर पाणी १० मीटर खाली पडले, तर घट-तूट जाता साधारण ५ किलोवॅट वीज हाती लागते. म्हणजे पाच अश्वशक्तीची एक मोटर, तीही कशीबशी. ऑगस्टमध्ये नाला दुथडी भरलेला पाहून कुणी कागद पुढे केला, तर त्याला मे महिन्यात बोलवा. कपाशीच्या पट्ट्यातले बहुतेक नाले दिवाळीनंतर आटतात आणि रब्बी ज्वारी पोटरीत येते तेव्हा त्यात गुरांपुरतेही पाणी नसते. अशा जागी जनित्र बसवणे म्हणजे अनुदान जिरवणे.

सातपुड्यात गोष्ट वेगळी. धडगाव तालुक्यातल्या बिलगावात लोकांनी श्रमदान करून, केरळच्या तरुण अभियंत्यांच्या मदतीने २००३ साली १५ किलोवॅटचे केंद्र उभारले. पाड्यांवर दिवे लागले. जागा अचूक निवडली होती, मोजमापही चोख होते. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याने ते बुडवले. म्हणून उंची मोजायला गवंड्याची लेव्हल-नळी आणि प्रवाह मोजायला वाळकी काडी व घड्याळ पुरते खरे, पण खालच्या धरणाची पाणीपातळी कुठवर येणार हे जलसंपदा खात्याकडून (आपण अजून पाटबंधारेच म्हणतो) लेखी घ्यावे लागते.

कोरडवाहू मुलखात जागा असलीच तर ती धरणाच्या विमोचकापाशी, किंवा कालवा पायरीसारखा खाली उतरतो तिथे. तिथे पाणी पाळीपुरतेच असते, पण पिकाला हवे तेव्हा असते. २००५ च्या राज्य धोरणाने असे २५ मेगावॅटपर्यंतचे प्रकल्प खाजगी गुंतवणुकीला खुले केले. गुंतवणूकदार येवोत, आमची हरकत नाही. मात्र त्या विजेचा पहिला फिडर त्याच शिवाराला, आणि दिवसा, असा ठराव कालव्यालगतच्या ग्रामसभांनी आत्ताच करून ठेवावा.