मुंग्या येतात तेव्हा

‘मुंग्या येणे’ हा वाक्प्रचार प्रथम कोणी वापरला ते कोणत्याही कोशात सापडत नाही. पण तो माणूस मोठा बारीक निरीक्षक असला पाहिजे. पंगतीत मांडी घालून बसावे, मठ्ठा येईपर्यंत पाय जड व्हावा आणि उठताना त्यावरून शेकडो मुंग्यांची वारी निघावी, हा अनुभव आणखी कोणत्या शब्दांत सांगणार? झिणझिण्या, कळ, ठणका, चटका, बधिरपणा, या प्रांतात आपली भाषा श्रीमंत आहे. दरिद्री आहे ती एकाच ठिकाणी. रक्त वाहते तीही शीर आणि स्पर्शाची खबर वाहते तीही शीर! आमच्या दिंडोरीत दवाखान्यात जाऊन कोणी “शीर आखडली” म्हणाले, की बिचाऱ्या डॉक्टरला आणखी चार प्रश्न विचारावे लागतात. म्हणून या लेखापुरते तरी खबर नेणाऱ्या शिरेला आपण मज्जातंतू म्हणू या.

मेंदू आणि मज्जारज्जू ही राजधानी. तिच्याबाहेर हातापायांत जे तंतू पसरलेले असतात त्यांना डॉक्टर मंडळी ‘परिघीय मज्जातंतू’ असे भारदस्त नाव देतात. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा एकेक तंतू हा एकाच पेशीचा धागा असतो आणि मोठ्या माणसात त्याची लांबी चांगली मीटरभर भरते. पेशीचे स्वयंपाकघर कण्यापाशी आणि जेवणारा तिकडे अंगठ्यात! आमच्या पालखेडच्या कालव्याला पाणी कमी पडले, की आधी वाळतो तो शेपटाकडचा मळा. शरीरातही तोच न्याय. म्हणून मज्जातंतूंची कितीतरी दुखणी पायाच्या बोटांपासून सुरू होतात.

या तंतूंचा ध्यास घेतलेला एक संशोधक मुंबईत होऊन गेला. डॉ. दाराब दस्तूर हे त्यांचे नाव. जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज येथे त्यांनी मज्जासंस्थेच्या विकृतींचा अभ्यास केला. हे शास्त्र तसे अबोल. शरीराचा कण काचेवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहत बसायचे. पण १९५५ साली ‘ब्रेन’ या विलायती नियतकालिकात दस्तुरांचा जो निबंध छापून आला, त्यात रोग्यालाही बोलायला जागा होती. विषय होता कुष्ठरोगातले त्वचेचे मज्जातंतू. काचेखाली त्या तंतूंची जी अवस्था दिसते आणि त्याच कातडीला जे जाणवते, त्यांचे नाते काय, हा त्यांचा प्रश्न. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळवून पाहाव्यात, तसा हा प्रकार. मला विचाराल तर यात शास्त्रज्ञाइतकाच एक चांगला श्रोताही दिसतो.

कुष्ठरोगाला आपण पिढ्यानपिढ्या कातडीचा रोग समजत आलो. महारोग म्हटले की झडलेली बोटे डोळ्यांसमोर येतात. त्याचा जंतू हान्सेनने १८७३ सालीच दाखवला होता. पण या जंतूचे खरे बिऱ्हाड असते मज्जातंतूत. त्यातही कातडीजवळच्या, अंगातल्या थंड जागेच्या तंतूंत त्याला करमते. कोपर आपटले की करंगळीपर्यंत जी झणझणीत कळ जाते ना, तो तंतू त्याच्या विशेष आवडीचा. बोटे आपोआप झडत नाहीत. हात बधिर होतो, मग तो भाजतो, कापतो, जखम चिघळते, आणि मालकाला पत्ता नसतो. दुखणे बोलके असते, बधिरपणा मुका. दाढ दुखली की माणूस रात्री बारा वाजता डॉक्टरचे दार ठोठावतो. चट्टा दुखत नाही म्हणून तो वर्षभर पदराखाली राहतो.

दोन वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गाला मी ‘माझी आई’ हा विषय लिहायला दिला होता. विषय जुनाच, पण मुले मनापासून लिहितात. पेठच्या बाजूच्या एका पाड्यावरून येणाऱ्या मुलीने लिहिले होते, की माझी आई तापलेला तवा फडक्याशिवाय उचलते, तिला चटका म्हणून लागत नाही, इतकी ती कष्टाने कणखर झाली आहे. त्याच सुमारास दस्तुरांच्या कामाविषयी वाचनात आले नसते, तर दहापैकी आठ गुण देऊन मी पुढची वही ओढली असती. मुलीला बाजूला घेऊन विचारले, “आईच्या हातावर कुठे फिकट डाग आहे का गं?” ती चमकली. म्हणाली, “मॅडम, तुम्हाला कसं माहीत?”

पुढचे काम प्राथमिक आरोग्य केंद्राने केले. औषधे सरकारी, मोफत. वर्षभर गोळ्या घेऊन बाई रोगमुक्त झाल्या. पण औषध जंतूला मारते. मेलेला तंतू काही ते उठवून बसवत नाही. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे वाकडी राहिली ती राहिलीच. आता त्या तवा फडक्याने धरतात. डोळ्यांनी पाहून धरतात, असे म्हणायला हवे.

दस्तुरांचे नाव पुन्हा भेटते ते १९६२ साली, डॉ. व्होरा, डॉ. ब्रागांझा आदींबरोबर. मुंबईत काही माणसांचे हातपाय लुळे पडले होते, आणि कारण निघाले एक विष, ऑर्थोक्रेसिल फॉस्फेट. याच जातीच्या विषाने १९३० साली अमेरिकेत जमैका आल्याचा अर्क पिणाऱ्या हजारो लोकांना पांगळे केले होते. १९५९ साली मोरोक्कोत यंत्राचे तेल मिसळलेले खाद्यतेल विकले गेले आणि सुमारे दहा हजार माणसे सापडली. या विषाची लबाडी अशी, की ते ताबडतोब बोलत नाही. पोटात गेल्यावर एकदोन आठवडे, कधी तीन, शांततेत जातात आणि मग पोटऱ्या दुखू लागतात, पाऊल लोंबते. तोवर काय खाल्ले होते ते कोणाला आठवावे?

ही गोष्ट मी आमच्या दिंडोरीकरांना मुद्दाम सांगते. दिवाळीच्या सुमारास इकडे द्राक्षबागांची गोडी छाटणी उरकलेली असते आणि फवारणीचे पंप सकाळ-संध्याकाळ घरघरत असतात. ते विष आणि कित्येक कीटकनाशके एकाच सेंद्रिय फॉस्फरसाच्या गोत्रातली. सगळी तशी वागत नाहीत, पण काही वागतात. तेव्हा पायात बळ नाही म्हणून दवाखाना गाठलात, तर कालचे जेवण सांगून थांबू नका. तीन आठवड्यांपूर्वी काय फवारले तेही सांगा. रिकामा डबा नेलात तर उत्तमच.

आता घरातली गोष्ट. १९७२ साली दस्तुरांनी डॉ. नोशीर वाडिया, डॉ. ई. पी. भरुचा वगैरेंबरोबर ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक निबंध लिहिला. धडधाकट माणसांच्या रक्तातल्या ब-१२ जीवनसत्त्वावर शाकाहाराचा आणि धूम्रपानाचा काय परिणाम होतो, हे त्यात तपासले होते. शाकाहाऱ्यांत हे जीवनसत्त्व कमी आढळते. ते यकृतात वर्षानुवर्षे साठून राहते, म्हणून तूट लवकर कळत नाही. पण साठा संपला की मज्जारज्जू आणि मज्जातंतू दोन्ही कुरकुरू लागतात. दुधादह्यातून ते मिळते खरे, पण चहापुरत्या दुधाने भागत नाही.

आमच्या सासूबाई माळकरी. कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. गेल्या वर्षी देवळातून परतल्या त्या एकाच पायात चप्पल घालून. “अगं, दुसरी कुठं राहिली ते कळलंच नाही बघ,” म्हणाल्या. घरात सगळे हसले. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तेच झाले, तेव्हा हसू मावळले. नाशिकला डॉक्टरांनी दोन पाखांचा धातूचा चिमटा वाजवून त्यांच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला आणि म्हणाले, “आजी, थरथर थांबली की सांगा.” सासूबाईंनी शांतपणे विचारले, “सुरू कधी झाली?”

रक्ताचा अहवाल आला. ब-१२ अगदी तळाला. इंजेक्शने ठरली. पण सासूबाईंनी दंड पदराखाली घट्ट झाकून घेतला. “आधी सांग सूनबाई, हे कशापासून काढतात?” मी सांगितले, की हे जीवनसत्त्व मुळात ना गाय तयार करते ना कोंबडी, ते सूक्ष्म जिवाणू तयार करतात आणि कारखान्यातही त्यांच्याकडूनच आंबवून घेतात.

त्यांनी जरा विचार केला. “म्हणजे दह्याला विरजण लावतो तसंच ना?”

“तसंच, आई.”

पदर बाजूला झाला. “मग टोच म्हणावं. आणि एकादशीला चालेल का, तेवढं विचारून ठेव.”