रोज्याला नोबेलचा आधार कशाला?

रमजानचा चाँद दिसला की मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो : ‘उपवासात शरीर स्वतःचा रोगट भाग खाऊन टाकते, हे सिद्ध करणाऱ्या जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळाले.’ एकादशीला तोच संदेश थोडा बदलून येतो. रोजेदार तो पुढे पाठवतो आणि एकादशी करणाराही. दोघांची श्रद्धा खरी आहे. संदेश मात्र अर्धाच खरा आहे.

आपल्या पेशींत सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत पाचक विकरे, म्हणजे एन्झाइम्स, बंदिस्त असतात. बेल्जियमचे ख्रिश्चन द ड्यूव्ह यांनी १९५५ मध्ये या पिशव्यांना ‘लायसोसोम’ हे नाव दिले. मृत्यूनंतर प्राणवायू तुटतो, पेशीत आम्ल साचते, पिशव्यांची आवरणे फुटतात आणि आपलीच विकरे आपल्याच ऊती विरघळवू लागतात. पाचक विकरांचे कोठार असलेले स्वादुपिंड त्यात लवकर बळी पडते. दान केलेले मूत्रपिंड बर्फात ठेवून नेतात, तेही याचसाठी. थंडीत विकरे मंदावतात.

जिवंत पेशीत हीच विकरे मर्यादेत राहून घर झाडतात. जुने, मोडके भाग त्या पिशवीत जातात, त्यांचे तुकडे होतात आणि कच्चा माल पुन्हा वापरला जातो. यालाच ‘ऑटोफॅजी’ म्हणतात. योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टच्या पेशींना उपाशी ठेवून ही क्रिया सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि तिची जनुके शोधली. २०१६ चे नोबेल त्यासाठी होते. माणसांच्या उपवासासाठी ते नव्हते. उपासमारीत ही क्रिया वाढते हे खरे, पण ती पोट भरलेल्या माणसातही अखंड चालू असते. ‘इतक्या तासांत कर्करोग नाहीसा’ असे ओसुमींच्या संशोधनात कुठेही नाही.

इतकी चिकित्सा कशासाठी? कारण असा संदेश वाचून इन्सुलिन घेणारा एखादा मधुमेही डॉक्टरांना न विचारता रोजा धरतो आणि दुपारी साखर उतरून कोसळतो. कुरआनाने आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोज्यातून सवलत दिली आहे. ती सवलत घेणे म्हणजे ईमान कमी असणे नव्हे. घरातल्या थोरांनीच हे आजारी माणसाला समजावून सांगायला हवे.

रोजा पेशी झाडण्यासाठी ठेवला जात नाही, तो अल्लाहसाठी ठेवला जातो. भुकेल्याची भूक कळावी, जिभेला आणि रागाला लगाम बसावा, हे त्याचे फळ. उद्या विज्ञानाने उपवासाचे फायदे नाकारले, तर इबादत थांबणार आहे का? नसेल, तर तिला नोबेलचा टेकूही नको. खोट्या बातमीपासून तोंड आवरणे हाही रोजाच आहे. तो संदेश पुढे पाठवण्याआधी बोट क्षणभर थांबले, तरी पुष्कळ झाले.