शिफारसपत्रानंतरचे मौन

नोव्हेंबर उजाडला की आमच्या विभागातली वर्दळ वाढते. दोन-दोन वर्षे न फिरकलेले विद्यार्थी दारात उभे राहतात. "सर, अमेरिकेत अर्ज करतोय, तीन शिफारसपत्रं लागतात, एक तुमचं हवं." आम्ही हो म्हणतो. प्रत्येक विद्यापीठाचा अर्ज वेगळा. विद्यार्थी वर्गातल्या पहिल्या ५ टक्क्यांत की १० टक्क्यांत, हे विचारणाऱ्या चौकटी वेगळ्या. डिसेंबरातली मुदत जवळ येईतो दिवसातून दोनदा आठवण करून दिली जाते. मुदत संपते आणि आठवणही संपते. मार्चमध्ये निकाल लागतात, एप्रिल उलटतो. आम्हांला काहीही कळत नाही. पुढे कधीतरी फेसबुकवर बर्फातला फोटो दिसतो. पुष्कळदा तोही दिसत नाही.

प्रश्न केवळ शिष्टाचाराचा असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. आम्हांला पेढे नकोत. शिफारसपत्र हा उपकार नव्हे, तो आमच्या अध्यापनाचाच भाग आहे. आणि म्हणूनच त्याचा परिणाम आम्हांला कळला पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

विद्यापीठे निकाल अर्जदाराला कळवतात, शिफारस करणाऱ्याला नाही. १९७४ च्या अमेरिकी कायद्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपल्याविषयीची पत्रे पाहण्याचा हक्क दिला आहे. पण गोपनीय पत्राला वजन अधिक, म्हणून अर्जदार बहुधा तो हक्क सोडून देतात. म्हणजे पत्रात काय आहे हे विद्यार्थ्याला ठाऊक नसते आणि त्या पत्राचे काय झाले हे आम्हांला ठाऊक नसते. पहिला अंधार व्यवस्थेचा भाग आहे. दुसरा एका ओळीच्या ईमेलने दूर होण्यासारखा आहे.

आमच्या एका विद्यार्थिनीने लागोपाठ तीन वर्षे अर्ज केले. दुसऱ्या वर्षी आली तेव्हा "यंदा आणखी काही ठिकाणी भरतेय" एवढेच म्हणाली. आम्ही जुनेच पत्र तारीख बदलून पाठवले : मेहनती, नियमित, गुणी. तिसऱ्या वर्षी कळले की आधीच्या दोन्ही वर्षी सगळीकडून नकार आले होते. तेव्हा कुठे आम्ही तिचा एम.ए.चा प्रबंध पुन्हा वाचला आणि दलित स्त्रियांच्या आत्मकथनांविषयी तिने केलेली मांडणी कोणत्या अर्थाने नवी आहे, हे दोन पानांत लिहिले. ते पत्र दोन वर्षे आधी लिहिता आले असते. तिसऱ्या वर्षी काय झाले? तेही आम्हांला ठाऊक नाही.

यावर विद्यार्थी म्हणतील, नकार सांगायला लाज वाटते. ही लाज कुठून आली, याचे उत्तर आम्ही प्राध्यापकांनीही द्यायला हवे. स्टाफरूममध्ये चहाच्या कपाबरोबर विद्यार्थ्यांच्या अपयशाची चर्चा कोण करते? "तूच लिहून आण, मी सही करतो" असे म्हणून पत्राला शिक्क्याची कळा कोणी आणली? ज्याने पत्र लिहिलेच नाही, त्याला निकाल कळवावा असे विद्यार्थ्याला का वाटावे? सही मागायला चार-चार खेपा घालायला लावणाऱ्यांनी कृतज्ञतेची अपेक्षा धरू नये, हे आम्हांला मान्य आहे.

परंतु यात खरे नुकसान होते ते मागून येणाऱ्याचे. कोणत्या विभागाने आपल्याकडचा विद्यार्थी घेतला, कोणी प्रवेश दिला पण अर्थसाहाय्य दिले नाही, हे सारे अनुभवाचे भांडवल एकेका विद्यार्थ्याबरोबर विमानात बसून निघून जाते. ज्यांच्या घरात परदेशी शिक्षणाची माहिती असणारे कोणी नाही, अशा तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलीला आमच्याखेरीज विचारायला दुसरे दार नसते. आणि त्या दारात आम्ही रिकाम्या हातांनी उभे असतो.

अर्थसाहाय्याच्या प्रस्तावाला उत्तर देण्यासाठी अनेक अमेरिकी विद्यापीठांनी १५ एप्रिल ही तारीख मान्य केलेली आहे. १६ एप्रिलला एक ओळ लिहा. कुठे झाले, कुठे नाही, कुठे जाताय. नकार आला असेल तर आधी लिहा. कारण पुढचे पत्र आपल्याला मिळून सुधारायचे आहे.