बायबल उघडून बोट ठेवण्याआधी

आपल्या मंडळ्यांत एक सवय चांगलीच मुरली आहे. मुलीला स्थळ आलं, गावची जमीन विकायची की ठेवायची असा पेच पडला, आखाती देशातल्या नोकरीचं पत्र हातात आलं, की डोळे मिटायचे, बायबल कुठेतरी उघडायचं आणि बोट ठेवायचं. बोटाखाली येईल ते वचन म्हणजे देवाचं उत्तर! हे कौल लावणं झालं. कृपा करून याला विश्वास म्हणू नका.

शहाणपण देवाकडे मागावं, यात वादच नाही. ज्याला ते कमी पडतं त्याने देवाकडे मागावं, तो मागणाऱ्याला हिणवत नाही, असं याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात सांगितलं आहे. पण त्याआधीच्या ओळीही वाचा. तिथे संकटांविषयी आणि टिकून राहण्याविषयी लिहिलं आहे. म्हणजे हे मागणं धीराचं आहे. ज्याच्याशी एरवी आपलं बोलणंच नाही, त्याचा सल्ला अडचणीच्या दिवशी एका मिनिटात कळावा, ही अपेक्षा आपण शेजाऱ्याकडूनही ठेवत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला इथे फार मोलाचं वाटतं. त्यांना ज्ञानाची काय कमी होती? 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. 1883 साली इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरही त्या प्रश्न विचारत राहिल्या. धर्मसिद्धांतांवरून तिथल्या भगिनींशी त्यांनी पत्रांतून कडक वाद घातला. आणि 1907 साली लिहिलेल्या साक्षीत त्यांनी कबूल केलं, की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं : ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला आहे, ख्रिस्त मात्र अजून भेटलेला नाही. एवढ्या विदुषीने हे छापून सांगावं! आपल्यापैकी किती जण, पाळकांसकट, असं म्हणायला धजतील?

ती भेट झाल्यावर त्यांचं डोकं बंद पडलं नाही, हे विशेष. 1896–97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, निराधार मुली घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. अखेरच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या साध्या मराठीत बायबलचं भाषांतर करत होत्या. प्रार्थना करायची आणि व्याकरणही घोकायचं, त्यांना दोन्ही हवं होतं.

शलमोनाची गोष्ट आपण अर्धीच सांगतो. गिबोनात त्याने धन किंवा दीर्घायुष्य न मागता लोकांचा न्याय करता यावा म्हणून समज मागितली, इथवर रविवारच्या शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. पण त्याच राजांच्या पहिल्या पुस्तकात पुढे, अकराव्या अध्यायात, म्हातारपणी त्याचं मन देवापासून वळलेलं दिसतं. तरुणपणी मिळालेलं शहाणपण त्याला जन्मभर पुरलं नाही.

मग करायचं काय? रोजचा थोडा वेळ ठरवा आणि मनात आहे तेच बोला. वाटणीत भावाला कमी द्यावंसं वाटतंय, तर तसंच देवाला सांगा. त्याच्यासमोर साळसूदपणा कशाला? एक शुभवर्तमान सलग वाचा. मार्काचं सोळाच अध्यायांचं आहे, तिथून सुरू करा. जुनं भाषांतर जड जात असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ घ्या. सकाळी मोबाईलवर येणारं एकेक सुटं वचन वाचून येशूचा स्वभाव कळत नाही.

आणि माणसांना विचारा. नीतिसूत्रांत सल्लागारांचं महत्त्व वारंवार सांगितलं आहे. आजारपणात डॉक्टरांना विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. उलट, “देवाने मला सांगितलंय” असं म्हणून जो घरातल्यांचं तोंड बंद करतो, त्याच्यापासून सावध राहा. तो पैसे मागत असेल तर जास्तच. वरून येणारं शहाणपण शांतताप्रिय, सौम्य आणि दुसऱ्याचं ऐकून घेणारं असतं, असं याकोबच तिसऱ्या अध्यायात सांगतो. आपला निर्णय या कसोटीवर घासून पाहा. निर्णय ऐकून घरातलं सगळ्यात दुबळं माणूस घाबरलं असेल तर थांबा, पुन्हा प्रार्थना करा.

जमिनीचाच विषय असेल तर बहिणीलाही बैठकीला बोलवा. वडील मृत्युपत्र न करता वारले असतील तर आपल्याला लागू असलेल्या 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलाइतकाच वाटा मुलीचाही आहे. तेवढं कळायला दृष्टांत लागत नाही.