शरदातील सकाळचा तास

आश्विन लागला की जव्हारच्या पठारावरचे आकाश धुऊन पुसून ठेवल्यासारखे दिसू लागते. उतारावरच्या खाचरांतून भात पिवळे पडते, नागली-वरईची कणसे भरतात, आणि चार महिने पडवीत कोंडलेली मुले दाराबाहेर डोकावू लागतात. नेमके याच दिवसांत आपल्या दुकानांवर दिवाळीची गर्दी सुरू होते. शाळेतून आलेला मुलगा दप्तर टाकून गल्ल्याशेजारी बसतो, पुड्या बांधतो, सुटे पैसे मोजतो. त्यात वाईट काही नाही. आपल्या पिढ्यान्‌पिढ्या हिशेब असाच शिकल्या. पण वर्षातला मैदानी खेळाचा सर्वांत उत्तम काळ त्या पुड्यांबरोबर बांधला जातो, हे आपल्या ध्यानी येत नाही.

जव्हार-मोखाड्यातील अनेक माता विचारतात, मुलाला कोणत्या खेळाला घालावे? माझे उत्तर त्यांना थोडे विचित्र वाटते. खेळ नंतर निवडावा, आधी घड्याळ पाहावे.

जूनअखेरीस आपल्याकडे सूर्य सव्वासातनंतर मावळतो. नोव्हेंबरच्या मध्यास तो सहालाच डोंगराआड जातो. शाळा पाचला सुटते. मूल मैदानावर पोहोचेपर्यंत सव्वापाच होतात. ज्या घरात चौविहार पाळला जातो, तेथे त्याने हातपाय धुऊन सूर्यास्तापूर्वी पानावर बसलेले असावे लागते. मग खेळाला उरतो कसाबसा पाव तास. जेवणाची वेळ हलत नाही, दुकान हलत नाही, शिकवणी हलत नाही. हलतो तो खेळ. आमच्या घरी हेच घडले. मोठ्या हौसेने चिरंजीवांना संध्याकाळच्या क्रिकेटला घातले, बॅट आणली, पॅड आणले. तो धापा टाकीत घरी येई, घाईघाईने चार घास गिळी, आणि पोटात दुखते म्हणून कळवळे. तीन आठवड्यांनी ती बॅट गोदामात पोत्यांमागे सापडली. मी त्याला आळशी म्हटले होते. चूक वेळ निवडणाऱ्या माझी होती.

उपाय साधा आहे: शरदात खेळ सकाळी न्यावा. साडेसहाला उजाडते, हवेत गारवा असतो, आणि ऑक्टोबरचे कडक ऊन चढण्यापूर्वी तासभर सहज मिळतो. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे अंग मेहनतीला लावावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळा अकराची असेल तर ती साठ मिनिटे सकाळीच पदरात पडतात. सकाळची शाळा असणाऱ्यांनी चार ते पाचची वेळ धरावी आणि खेळानंतर किमान अर्धा तास विसावा घेऊन मगच जेवावे. उघड्यावरच्या उजेडात रोज वेळ घालवणाऱ्या मुलांना लांबचे अंधुक दिसण्याचा दोष जडण्याची शक्यता कमी होते, असे डोळ्यांचे अभ्यासक सांगतात. पावसाळाभर मोबाइलच्या पडद्याला डोळे लावून बसलेल्या आपल्या मुलांना हा लाभ इतर कोणत्याही लाभाइतकाच मोलाचा आहे.

आता खेळ कोणता? माझे मत विचाराल तर खो-खो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास या खेळाचे नियम बांधले, आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. परंतु कीर्तीपेक्षा या खेळाच्या रचनेकडे पाहावे. आठ खेळाडू एका रांगेत आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्याने एकदा दिशा धरली की माघारी फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. गडी हातातून निसटतो असे दिसताच त्याने आपला हव्यास सोडून बसलेल्या सोबत्याला पाठीमागून ‘खो’ द्यायचा आणि स्वतः त्याच्या जागी बसायचे. बसलेल्यालाही डुलकी घेता येत नाही. कोणत्या क्षणी उठावे लागेल याचा नेम नसतो. दम, पायांची चपळाई, वाकून वळण्याची लवचीकता हे तर मिळतेच. पण दुकानात वाढलेल्या मुलाला, जो एरवी सर्व काही आपल्याच हाती ठेवायला शिकतो, वेळेवर दुसऱ्याच्या हाती सोपवणे येथे अंगवळणी पडते.

शिवाय खर्च जवळजवळ शून्य. दोन खांब आणि चुन्याच्या रेषा. मोठ्यांचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. लहानांना त्याहून थोडके पुरते.

आणखी एक कारण आहे, ते थोडे अवघड. आपली गिऱ्हाइके ज्या पाड्यांवरून येतात, तेथली वारली, कोकणा, ठाकर, कातकरी मुले शाळेत आपल्या मुलांशेजारी बसतात. शाळा सुटली की दोघांमध्ये दुकानाची फळी येते. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हार तालुक्याचे नाव देशभर गेले, ते भुकेमुळे. त्याच तालुक्यात आज आपल्या घरांतली काही मुले दहाव्या वर्षी जिना चढताना धापा टाकतात, आणि दुकानाच्या दारात टांगलेल्या तळीव पाकिटांच्या माळा आपणच विकतो, आपणच मुलांच्या हाती देतो. खो-खोच्या रांगेत ही मुले पाठीला पाठ लावल्यासारखी बसतात आणि एकमेकांना हाका मारतात. पाड्यावरचा मुलगा बहुधा आपल्या मुलाला सहज हरवील. हरवू द्यावे.

ज्याला संघात रमत नाही, त्याने धावावे. आपल्या सीमेपलीकडे, हरसूलजवळच्या सावरपाड्यातील कविता राऊत याच डोंगरांतून धावत मोठी झाली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणतात. मात्र दहा-बारा वर्षांच्या मुलाला लगेच पाच-सात किलोमीटर पळवू नये. धावणे, चालणे, पुन्हा धावणे असे वीस मिनिटे पुष्कळ झाले.

आठ वर्षांखालील मुलांना कोणताच एक खेळ लावू नये. लगोरी, दोरीच्या उड्या, लंगडी, जे सुचेल ते. बॅडमिंटन चांगले, पण पठारावरचा वारा फुलाला टिकू देत नाही. पोहण्याविषयी इतकेच, की दाभोसा किंवा अन्य धबधब्याच्या डोहात मुलांना कदापि उतरवू नये; पाऊस थांबल्यावरही त्या पाण्याचा भरवसा नसतो.

मुलींविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. बाराव्या-तेराव्या वर्षी आपल्या घरांत मुलीचा खेळ हळूच थांबतो. कुणी मनाई करत नाही. ‘आता मोठी झालीस’ एवढे म्हटले जाते आणि ती घरात राहते. वास्तविक हाडे बळकट होण्याची हीच वर्षे, आणि उड्या व धावणे यांनी ती बळकट होतात. सोबतीचा प्रश्न असेल तर चार घरच्या मुली एकत्र पाठवाव्यात, एका आईने मैदानाच्या कडेला बसावे. ती आई रोज बदलली तर कुणावरच भार पडत नाही.

खेळून आलेल्या मुलाला काय द्यावे? गूळ-फुटाणे, केळे, ताक. आणि आपल्याच डोंगरावरची नागली. शंभर ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. गव्हात वा तांदळात त्याचा लहानसा अंशच असतो. आपण ती पोत्यांनी घेतो आणि विकतो. स्वयंपाकघरात मात्र ती क्वचित येते. सकाळी दुधातली आंबील किंवा तुपाची भाकरी करून पाहावी. उकळलेले पाणी मुलाने बाटलीत सोबत न्यावे.

मैदानाची पाहणी मोठ्या माणसाने आधी करावी. पावसानंतर कडेचे गवत गुडघाभर असते, त्यात साप-विंचू असतात, दगडांवर शेवाळ असते. कडा साफ करून घ्यावा, गवतात गेलेला चेंडू मुलांनी हाताने चाचपू नये. दंश झालाच तर भगताकडे वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे. कापणी-मळणीच्या धुळीने ज्या मुलांना दमा उसळतो, त्यांनी डॉक्टरांना विचारून, औषध खिशात ठेवूनच खेळावे.

यंदा आमच्या आळीतल्या पाच घरांनी ठरवले आहे: दिवाळीपर्यंत मुलांनी दुकानात यायचे ते दुपारीच, आणि सकाळी साडेसहाला मैदानावर. चुन्याची पिशवी कोणी द्यायची यावरून थोडा वाद झाला. ती शेवटी आमच्या गोदामातून गेली, त्या बॅटच्या शेजारून.