रस्त्याच्या पैशातला राखीव वाटा

अमेरिकेत महामार्गांना केंद्र सरकारकडून मिळणारा पैसा मुख्यतः इंधनकरातून उभा राहतो. कित्येक दशके तो जवळजवळ सगळा डांबर, काँक्रीट आणि पुलांवर खर्च झाला. महामार्गांनी शहरे जोडली, पण वाटेतल्या वस्त्या चिरल्या. पायी चालणाऱ्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही.

हे चित्र बदलले १९९१ च्या वाहतूक कायद्याने. सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांचा त्यात मोठा वाटा होता. राज्यांना मिळणाऱ्या एका प्रमुख रस्ते-निधीतले १० टक्के लोकोपयोगी आणि पर्यावरणाच्या कामांसाठी राखून ठेवणे या कायद्याने बंधनकारक केले. पदपथ, सायकलमार्ग, जुन्या स्थानकांची डागडुजी आणि रस्त्यावरून वाहून जाणाऱ्या पाण्याने होणारे प्रदूषण रोखणे अशी कामे त्यात बसत. वाहनांखाली वन्यप्राणी मरू नयेत यासाठीचे उपाय १९९८ मध्ये यादीत आले.

सर्वांत देखणे काम झाले ते बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर. पिट्सबर्ग ते कंबरलँड हा सुमारे २४० किलोमीटरचा 'ग्रेट ॲलेगेनी पॅसेज' अशाच जुन्या मार्गांवर उभा आहे. त्याच्या उभारणीत या निधीचाही हातभार लागला. २०१३ मध्ये तो पूर्ण झाला. बोगदे आणि पूल तेच, फक्त रुळांच्या जागी आता सायकली धावतात.

निधी मिळवणे मात्र सोपे नाही. साधारणपणे ८० टक्के खर्च केंद्र उचलते, उरलेला स्थानिकांनी उभा करायचा. त्यातही आधी खिशातून खर्च करायचा आणि मग बिले दाखवून परतफेड घ्यायची. लहान गावे इथेच अडतात, आणि ज्यांना पदपथाची सर्वाधिक गरज तीच मागे राहतात. हा या योजनेतला खरा अन्याय आहे.

दुसरा धोका राज्यांकडून आला. वॉशिंग्टनने मंजूर निधी परत मागितला की अनेक राज्ये सर्वांत आधी याच खात्याला हात घालत. २०१२ च्या कायद्याने तर निम्मी रक्कम इतर रस्तेकामांकडे वळवण्याची मुभाच दिली. २०२१ च्या कायद्याने १० टक्क्यांचा वाटा पुन्हा कायम केला. निधी वळवण्याआधी राज्याने स्थानिकांकडून अर्ज मागवले पाहिजेत आणि त्यांना तांत्रिक मदत दिली पाहिजे, ही अटही आली. ती योग्यच आहे. हा कायदा ३० सप्टेंबर २०२६ पर्यंतचा आहे. त्यापुढच्या कायद्यातही हा वाटा राहायला हवा, आणि लहान गावांना आगाऊ रक्कम मिळण्याची सोयही हवी.